भोक असतं तर मी पलीकडे गेलो असतो

मी एक जुना लाल दिवा आहे, आणि मधुमेहाने पोखरत आणलेली एका माणसाची दृष्टी मी वाचवली आहे. मित्रांनो, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण तसं माझ्या खोक्यावर छापलेलं होतं. खोका आधी तयार झाला. मी नंतर.

जुना म्हणजे तरी किती? अडीच वर्षांचा. दिव्याच्या मानाने हे काही वय नव्हे. पण स्वतःची कहाणी सांगायला बसलेल्या वस्तूने जुनं असलंच पाहिजे, नाहीतर मुलं ऐकत नाहीत, असा समज आहे. तेव्हा जुना.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे लाकडी बाकांवर ओळीने बायका बसत. एक बाई बारा बारीक लाल दिवे गोल तबकडीत बसवायची, दुसरी तारा जोडायची, तिसरी काच लावायची. शेवटची बाई चार पाय स्क्रूने आवळायची. माझा चौथा पाय आवळायचा राहिला असताना जेवणाची घंटा झाली. तिने घाईत दोन फेरे दिले आणि ती डबा खायला गेली. त्यामुळे माझा एक पाय तांदळाच्या दाण्याएवढा आखूड राहिला आणि मी जन्मापासून डुगडुगतो. पुढे जे घडलं ते सगळं त्या पायामुळे घडलं असं मी म्हणणार नाही. त्या बाईला भूक लागली होती, एवढंच.

खोक्यावर एका भल्यामोठ्या डोळ्याचं चित्र होतं आणि त्यातून किरण निघत होते. खरं तर किरण माझ्यातून निघून डोळ्यात जायचे, पण चित्रकाराला घाई असणार. खाली लिहिलं होतं, 'रोज फक्त तीन मिनिटं. डोळ्यांचा पडदा बळकट. मधुमेहींसाठी वरदान.' त्याखाली, 'आयुष्य : पन्नास हजार तास.' आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'हे उपकरण वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही.' ते वाचायला भिंग लागलं असतं. ज्या माणसाकडे मी गेलो त्याच्याकडे भिंग होतं. दिवसाचे आठ तास ते त्याच्या डोळ्याला लावलेलं असे. खोक्यावर मात्र त्याने ते कधी धरलं नाही.

तो माणूस रफूगार होता. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. छत तिरकं, मागच्या बाजूला मान वाकवूनच जावं लागे. एका बाजूला इस्त्रीवाला, दुसऱ्या बाजूला चाव्या करून देणारा. मधल्या त्या फटीत एक बाकडं, दोन स्टुलं, दोऱ्यांचे डबे, आणि मास्तर व त्यांची बायको.

मित्रांनो, रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे आधी समजून घ्या. ठिगळ दिसतं. रफू दिसलं तर ते फुकट गेलं. कोटाला खिळा लागून भोक पडलं, की मास्तरांची बायको त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा सोडवून काढायची. मास्तर मग ते धागे सुईने विणत, आधी उभे, मग आडवे, मूळ कापडाची वीण जशी असेल तशी. काम संपलं की गिऱ्हाईक कोट उलटसुलट करून विचारायचं, "मास्तर, भोक नक्की कुठे होतं हो?" मास्तर म्हणायचे, "विसरलो." हा त्यांचा रोजचा विनोद. चाळीस वर्षं तोच. बायको चाळीस वर्षं त्याला हसत आली होती. कधी मोठ्याने, कधी नुसती मान खाली घालून.

मला तिथे आणलं मामांनी. मामा म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या बाईंचा, धाकटा भाऊ. मास्तरांच्या मुलीने लहानपणी त्यांना मामा म्हटलं आणि पुढे ती सासरी गेली तरी गल्लीने ते नाव ठेवून घेतलं. मामा पाणीपट्टीच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. शुगर त्यांनाही होती. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, मामा आरोग्याला लागले. कुठेही काही छापून आलं की अर्धं वाचायचे आणि उरलेलं अर्धं आपल्या मनाने पूर्ण करायचे.

पण मामा वाईट नव्हते. लबाड तर मुळीच नव्हते. शाळेत असताना त्यांच्याकडे एकच पँट होती, तीही कुणीतरी दिलेली, गुडघ्यावर फाटलेली. नव्यानेच मेहुणे झालेल्या मास्तरांनी ती अशी रफू केली की वर्गात कुणाला कधी पत्ता लागला नाही. ही गोष्ट मामा इतक्यांदा सांगायचे की वर्गात न कळलेली ती गोष्ट आता अख्ख्या गल्लीला माहीत होती. तेव्हापासून मामांना भाऊजींसाठी काहीतरी करायचं होतं. मिळाला तो मी.

मी येण्याच्या चार दिवस आधी मास्तर डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आले होते. गेले होते चष्म्याचा नंबर काढायला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शुगर किती वर्षं आहे? बारा, म्हटल्यावर त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, आतून पडदा पाहिला आणि कागदावर लिहून दिलं : 'पडद्यावर सुरुवातीचे बदल. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. चुकवू नये.' 'चुकवू नये'च्या खाली दोन रेघा. वर तारीख.

मास्तरांना त्या थेंबांचा राग होता. ते घातले की दिवसभर सगळं धुकट दिसतं, सुई हातात धरता येत नाही, दुकान बंद. "दिसतं का ते बघायला गेलो, तर दिसायचंच बंद करून पाठवलं," असं ते इस्त्रीवाल्याला सांगत होते.

अशा मुहूर्तावर मामा मला आणि एक मोठी बाटली घेऊन आले. बाटलीत पिवळ्या कॅप्सूल होत्या.

"भाऊजी, हे बघा. सकाळी तीन मिनिटं या दिव्याकडे बघायचं आणि वर एक कॅप्सूल. झेंडूच्या फुलातून काढलेली आहे."

"झेंडूच्या?" मास्तर म्हणाले. "हार घालायच्या आधीच?"

"शुभ बोल रे नाऱ्या म्हणतात ते तुमच्यासाठीच," बाई म्हणाल्या. "पण काय रे, डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलंय त्यांना. ते सोडून हे नाही ना करायचं?"

"सोडून कोण म्हणतंय, ताई? हे करायचं आणि तेही करायचं. फक्त हे केल्यावर त्याची गरज पडणार नाही."

मास्तरांनी मला बाकड्यावर ठेवलं. मी डुगडुगलो. त्यांनी सरकवून पाहिलं, तरी डुगडुगलो. "नाचरा दिसतोय," ते म्हणाले. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, एक कागद काढला, त्याची घडी घातली, तिची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि माझ्या आखूड पायाखाली सरकवली. मी ताठ उभा राहिलो.

घडी अशी पडली होती की बाहेरच्या बाजूला फक्त तारीख दिसत होती. दोन रेघा आत होत्या.

दोन-तीन दिवसांनी बाईंनी विचारलं, "अहो, तो दवाखान्याचा कागद कुठे ठेवलात?"

"आहे. जपून ठेवलाय."

हे खोटं नव्हतं. मी त्याच्यावर उभा होतो.

मग माझी नोकरी सुरू झाली. सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या की मास्तर स्टुलावर बसत, मला लावत आणि तीन मिनिटं माझ्याकडे बघत. मी बरोबर तीन मिनिटांनी आपोआप विझायचो. मित्रांनो, कुणाच्या डोळ्यांत रोज तीन मिनिटं टक लावून बघत बसायचं म्हणजे थोडी ओळख होतेच. त्यांच्या उजव्या पापणीवर एक तीळ होता. डोळे तपकिरी, शांत, कडेला सुरकुत्या. मला त्या डोळ्यांत कधीही काही वावगं दिसलं नाही. मी बाहेरून बघत होतो.

मी विझलो की परीक्षा. ही परीक्षा मास्तरांनी स्वतःच काढली होती. ते सगळ्यात बारीक सुई घेत, काळ्या दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करत आणि दोरा नेढ्यात घालत. पहिल्या फटक्यात आत. नेढं म्हणजे सुईचं ते इवलंसं भोक, डासालाही वाकून जावं लागेल असं. ते ज्याला दिसतं त्याच्या डोळ्यांना काय झालंय? मामा टाळी वाजवायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर हिरव्या पेनाने बरोबरची खूण करायचे. मामा नसले की मास्तर स्वतः करायचे.

तीन महिने झाले. कॅलेंडर हिरवंगार झालं. बाईंनी तपासणीची आठवण काढली. मास्तरांनी सुई ओवून दाखवली. बाईंचे स्वतःचे डोळे अधू, त्यांना सुई ओवायला पंधरा मिनिटं लागायची आणि तरीही शेवटी ती मास्तरच ओवून द्यायचे. ज्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं त्याला डोळे दाखवून ये म्हणून किती सांगणार?

त्याच सुमारास माझं एक मोठं कौतुक झालं, तेही सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. एक लोकरीची शाल आली होती, कसर लागलेली. कसरीची भोकं बारीक, लोकरीत लपलेली, सगळी सापडता सापडत नाहीत. बाई ती शाल झटकत असताना माझ्यासमोर आली. मी चालू होतो. शालीच्या पलीकडच्या बाजूला टिपूर लाल ठिपके उमटले. जिथे भोक तिथून मी पलीकडे. बाईंनी मोजले, सोळा.

"अहो, हा दिवा कामाचा आहे की!" त्या म्हणाल्या.

माझ्या आयुष्यातलं हे एकमेव खरं प्रशस्तिपत्र. बाकी सगळी खोक्यावरची.

मामा कॅप्सूल आणत राहिले. मधल्या काळात त्यांनी एक सूटही जाहीर केली : कॅप्सूल घेतलेली असेल तर दुपारी एक चहा साखरेचा चालतो. कुठल्या कागदाच्या अर्ध्या भागात त्यांनी हे वाचलं देव जाणे. मास्तरांनी एकदाही कारण विचारलं नाही.

आठव्या महिन्यात चमत्कार झाला. मास्तरांना भोकं दिसायला लागली.

म्हणजे भोकं त्यांना चाळीस वर्षं दिसतच होती. पण आता गिऱ्हाइकाला न दिसलेली, बायकोला न दिसलेली, अगदी बारीक भोकं दिसायला लागली. एक माणूस बाहीला रफू करायला जाकीट द्यायचा, आणि मास्तर म्हणायचे, "बाहीचं ठीक आहे, पण पाठीवर हे काय?" आणि खडूने एक छोटं वर्तुळ काढायचे. माणूस चष्मा वर करून, खाली करून बघायचा आणि म्हणायचा, "मला तर काही..." मास्तर समजुतीने हसायचे. "राहू द्या. मला दिसतंय. करून देतो. त्याचं वेगळं काही नको." माणूस खूश होऊन जायचा.

मामांनी हे ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊजी, म्हणजे नजर नुसती टिकली नाही, वाढली! या वयात!" ते बाहेर जाऊन इस्त्रीवाल्याला सांगून आले, मग चावीवाल्याला. चावीवाल्याने माझा खोका मागून घेतला आणि वाचला. त्या दिवशी मामांनी हिरव्या पेनाने एकाऐवजी दोन खुणा केल्या.

मित्रांनो, आता एक गोष्ट तुम्हाला कबूल करायला हवी. मास्तर एखादं कापड माझ्यासमोरून घेऊन जात, तेव्हा मला कळत होतं. खडूच्या वर्तुळात भोक असतं तर मी पलीकडे गेलो असतो. मी पलीकडे जात नव्हतो. कापड धडधाकट होतं. पण मला तोंड नाही. मला तीन मिनिटं तेवढी आहेत.

मास्तर त्या धडधाकट कापडावर रफू करू लागले. उभे धागे, आडवे धागे, तासन् तास. आणि एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. रफू पूर्ण झालं तरी भोक बुजायचं नाही. मास्तर भिंग लावून बघायचे, तो काळा ठिपका तिथेच. पुन्हा सुई. पुन्हा तिथेच. पूर्वी दिवसाला चार कपडे व्हायचे, आता एकच व्हायचा. मास्तर विनोद करायचे विसरले. संध्याकाळी कापड खाली ठेवून नुसते बसून राहायचे.

"आजचं भोक फार हट्टी आहे गं," ते म्हणायचे.

"राहू द्या उद्यावर."

"उद्या तरी कुठे भरतंय."

तेराव्या महिन्यात वकीलबाई आल्या. त्यांचा काळा कोट होता. कोपराला खिळा लागलेला. रफू झालेला तो कोट त्यांनी आठवड्यापूर्वी नेला होता, आता त्या परत घेऊन आल्या. काळ्या कापडावर काळं रफू हे सगळ्यात अवघड काम, पण कोपराचं रफू बिनचूक उतरलं होतं, हे त्यांनी आधीच सांगितलं. माणूस सभ्य असला की तक्रारीपूर्वी कौतुक करतो.

"मास्तर, रागावू नका हं. मी एकच भोक दिलं होतं ना?"

"पाच होती, बाई."

"कोटाच्या छातीवर हात लावून बघता का जरा? कापड कडक झालंय. सुपारी ठेवल्यासारखं लागतंय. कोर्टात उभी राहिले की हात सारखा तिथेच जातो."

मास्तरांनी बोट फिरवलं. चाळीस वर्षं ज्या बोटांना वीण कळते त्या बोटांना तो गोळा कळला. एका जागी तीन-तीनदा विणलेला दोरा. रफू दिसत होतं. मास्तरांच्या आयुष्यात पहिल्यांदा रफू दिसत होतं, आणि तेही जिथे भोकच नव्हतं तिथे.

"कापडातच दोष असेल," ते म्हणाले.

"असेलही," वकीलबाई म्हणाल्या. कोर्टात बहुधा त्या इतक्या लवकर माघार घेत नसतील. त्यांनी कोट ठेवला आणि बाईंकडे एकदा बघून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरून एक उशीचा अभ्रा आणला. कोरा, पांढरा, दुकानातल्या घडीतला, कोपऱ्याला चिकटवलेली चिठ्ठीसुद्धा तशीच.

"अहो, हा जरा बघता का? कुठे भोक आहे का ते."

मास्तरांनी भिंग लावलं. पांढऱ्यावर खडू दिसणार नाही म्हणून पेन्सिल घेतली. नीट, सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नजर फिरवली आणि तीन वर्तुळं काढली.

"तीन आहेत. कुठून आणलास? बदलून घे. सगळा लॉट खराब असणार."

बाईंनी अभ्रा हातात घेतला, मला लावलं आणि अभ्रा माझ्यासमोर धरला.

मित्रांनो, त्या दिवशी मी लावला तेवढा जोर आयुष्यात कधी लावला नाही. कुठल्याही एका वर्तुळातून, निदान एखादा किरण, केसाएवढा, पलीकडे जावा म्हणून मी धडपडलो. त्या माणसाचं खरं ठरावं म्हणून. अख्खा अभ्रा लालसर उजळला आणि त्यात कुठेही ठिपका नव्हता. बाईंच्या चेहऱ्यावर सगळीकडे सारखाच लाल उजेड पडला होता. त्या तीन मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. मग मी विझलो.

"उद्या दुकान बंद," त्या म्हणाल्या.

"का? उद्या काय आहे?"

"उद्या बंद."

मग त्यांनी कागद शोधायला सुरुवात केली. दोऱ्यांचे डबे उपसले, बिलांची पिशवी उलटी केली, कॅलेंडरच्या मागे बघितलं. मास्तर स्टुलावर बसून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जपून ठेवलाय गं." आणि थोड्या वेळाने, जरा हळू, "दिव्याखाली बघ."

बाईंनी मला उचललं. घडी माझ्या पायाला चिकटली होती, ती सोलून काढावी लागली. त्यांनी ती उघडली. तारीख वाचली. बोटांवर महिने मोजले. दहा महिने उशीर झाला होता. मला त्यांनी परत बाकड्यावर ठेवलं आणि मी डुगडुगलो. पुष्कळ वेळ डुगडुगत राहिलो.

दवाखान्यात मलाही नेलं. मामांनीच नेलं, खोक्यासकट, पिशवीत घालून, बाटलीही बरोबर. डॉक्टरांना दाखवलं म्हणजे त्यांना उपचाराची दिशा कळेल, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, मास्तरांच्या मुलीएवढ्या. त्यांनी थेंब घातले, अर्धा तास बसवलं, आणि मग अंधाऱ्या खोलीत बराच वेळ आत बघत राहिल्या. माझ्यापेक्षा त्यांचा दिवा फार लहान होता. पण तो आत जात होता.

"काका, ठिपका कापडावर नव्हता," त्या म्हणाल्या. "तो तुमच्या डोळ्यात आहे. पडद्यावर रक्त उतरलंय, सूज आहे. त्यामुळे तुम्ही जिथे बघाल तिथे तो दिसणार. भिंतीवर बघितलं तर भिंतीवर."

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"पण डॉक्टर," मामा पिशवी उघडत म्हणाले, "रोज न चुकता दिवा घेतलाय. कॅप्सूलही. चारशे दिवस. माझ्याकडे खुणा आहेत."

डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेतलं, बाटली वाचली. रागावतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लाल प्रकाशावर अभ्यास चालू आहेत, मामा. अशा गोळ्यांवरही चालू आहेत. उद्या त्यातून काही चांगलं निघेलही, मी नाही म्हणत नाही. पण तपासणीच्या जागी हे नाही चालत. साखर ताब्यात ठेवायची आणि पडदा दाखवत राहायचं, याला आज तरी सुटका नाही. दहा महिन्यांपूर्वी हे लेसरने थोपवता आलं असतं."

"पण ते रोज सुई ओवायचे हो!" मामांचा आवाज फाटला. "पहिल्या फटक्यात! मी स्वतः बघितलंय!"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सुई आहे आत्ता?"

रफूगाराच्या कॉलरला सुई असतेच. बाईंनी पिशवीतून दोरा काढून दिला.

"काका, आता डोळे मिटा. आणि ओवा."

मास्तरांनी डोळे मिटले. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, डाव्या अंगठ्याने नेढं चाचपलं आणि दोरा घातला. पहिल्या फटक्यात आत.

मामांनी टाळी वाजवली नाही. मास्तर डोळे मिटूनच बसले होते, हातात ओवलेली सुई तशीच धरून. चारशे दिवस ते ज्या परीक्षेत रोज पास होत होते, ती बोटांची होती. डोळ्यांना तिथे कुणी बसवलंच नव्हतं.

मग लेसर झालं, डोळ्यांत इंजेक्शनं झाली, महिन्याला एक अशी सहा. सगळं व्यवस्थित झालं, फक्त उशिरा झालं. डाव्या डोळ्याला आता माणसांची आकृती दिसते. उजव्याला उजेड आणि अंधार यांतला फरक कळतो.

हे कळल्यावर मामा तीन आठवडे दुकानाकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस आले आणि दारातच उभे राहिले.

"भाऊजी, मी..."

"कोण?" मास्तर म्हणाले. आकृती कुणाची ते त्यांना खरंच कळलं नव्हतं. मामांना वाटलं, भाऊजींना आपल्याशी आता ओळखही ठेवायची नाही. ते तिथेच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. शेवटी आवाजावरून मास्तरांनी ओळखलं. "अरे, तू होय. आत ये. डोकं सांभाळ, छत तिरकं आहे."

त्याच दिवशी बाई मामांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या. त्यांच्याही पडद्यावर सुरुवात झाली होती. मामांना कागद मिळाला, तीन महिन्यांनी या. त्यांनी तो दुकानात कॅलेंडरच्या वर, खिळ्याला, उघडा लावला आहे. येणारं गिऱ्हाईक आधी तो वाचतं आणि मग कपडा दाखवतं. मामांची तिसरी तपासणी मागच्या आठवड्यात झाली.

रफूचं काम बंद झालं. वकीलबाईंचा कोट बाईंनी मास्तरांच्या सांगण्यावरून उसवला, चार गोळे सोडवले, तीन दिवस लागले. आता बाई दुकानात टिपा घालतात, पायपट्ट्या दुमडतात, चेन बदलतात. त्यांना सुई ओवता येत नाही. म्हणून मास्तर रोज सकाळी स्टुलावर बसून वीस सुया ओवतात आणि ओळीने गादीत टोचून ठेवतात. पहिल्या फटक्यात, एकामागून एक. मग त्यांचं दिवसाचं काम संपतं. ते हात मांडीवर ठेवून बसतात. एखादं गिऱ्हाईक पँट उलटसुलट करून विचारतं, "बाई, हे कुठे फाटलं होतं?" आणि मास्तर काही बोलतील म्हणून बाई क्षणभर थांबतात.

मला त्यांनी टाकून दिलं नाही. कसर लागलेलं काही आलं की बाई मला लावतात आणि कापड समोर धरून भोकं मोजतात. तसं काम महिन्यातून दोन-तीनदा येतं. मी लागलो की मास्तर मान वळवतात. सगळ्या दुकानात स्पष्ट म्हणावा असा मीच तेवढा त्यांना दिसतो. ते माझ्याकडे बघत राहतात, पूर्वीसारखेच, मी विझेपर्यंत. मला ती नजर सहन होत नाही. पण माझी मान वळत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू शेवटी काहीतरी विनंती करते, तशी रीत आहे. माझी विनंती साधी आहे. तुमच्या घरी कुणाला साखरेचा आजार असेल, आजोबांना, आईला, मामाला, तर त्यांच्या दवाखान्याचा कागद कुठे आहे ते आज विचारा. 'जपून ठेवलाय' म्हणाले तर डुगडुगणाऱ्या वस्तूंच्या खाली बघा. त्यांना दिव्यासमोर बसायचं असेल तर बसू द्या, कॅप्सूल घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून घेऊ द्या. पण तपासणीच्या दिवशी त्यांचा हात धरून घेऊन जा. थेंबांनी सगळं धुकट होतं ते फक्त संध्याकाळपर्यंत. आणि एखाद्या दिव्याने तुम्हाला सांगितलं की मी दृष्टी वाचवतो, तर त्याला विचारा, हे तुला कोणी सांगितलं?

बाकी माझ्या खोक्यावरची एक गोष्ट मात्र खरी निघाली. माझं आयुष्य पन्नास हजार तासांचं आहे. त्यातले अजून तीससुद्धा झालेले नाहीत.